पिसं टाकलेल्या कोंबड्या आणि गेनूबाची सावड

एका गावात, अगदी शेवटच्या घरात, एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होती. घर इतकं शेवटाला होतं की गावातली कुत्री तिथपर्यंत भुंकत यायची आणि दमून, भुंकायचं विसरून परत जायची. म्हाताऱ्याचं नाव गेनूबा, म्हातारीचं ठकूबाई. घरामागे परसू, परसात भाजीचे वाफे, वाफ्यांच्या कडेला एक खुराडं, आणि खुराड्यात सात कोंबड्या नि एक कोंबडा. घरासमोर भुईमुगाचं रान. झाला एवढाच त्यांचा संसार.

गेनूबा माणूस चांगला, पण घाईचा. त्याला कुठलीच गोष्ट आत्ताच्या आत्ता झाल्याशिवाय चैन पडायचं नाही. कोंबडा आरवायच्या आधी तो उठायचा, आणि जाऊन कोंबड्याला उठवायचा. चुलीवर डाळ चढली की दर घटकेला झाकण काढून बघायचा, आणि म्हणून त्यांच्या घरातली डाळ गावात सगळ्यात उशिरा शिजायची.

एका मातीच्या बाबतीत मात्र तो शहाण्यासारखा वागायचा. भोपळ्याचा वेल संपला, की तो वाफा खणून उलथापालथा करायचा आणि तसाच उघडा टाकायचा. कुणी म्हणालं, "गेनूबा, मोकळाच ठेवलास? टाक की काहीतरी," तर म्हणायचा, "दमलाय तो. ऊन खाऊ दे त्याला."

त्या वर्षी पाऊस बेताचा आणि गोड झाला. कोंबड्यांनी अंड्यांचा नुसता सपाटा लावला. खुराड्यात अंडं, गवताच्या गंजीत अंडं, एक दिवस तर गेनूबाच्या काढून ठेवलेल्या मुंडाशात अंडं. त्याने ते न बघता डोक्याला गुंडाळलं, ती गोष्ट वेगळी.

दसरा आला. पारावर सगळा गाव सोनं लुटायला जमला होता. आपट्याची पानं देता-घेता भुईमुगाच्या सावडीची गोष्ट निघाली. सावड म्हणजे कसं, आज माझ्या रानात तुम्ही सगळे, उद्या तुमच्या रानात मी. मजुरी कुणी कुणाला मागायची नाही. ज्याचं रान, त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढाच नियम.

गेनूबाची छाती त्या दिवशी जरा फुगलेली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा माझ्या सावडीला कालवण. आणि ताटात दोन-दोन अंडी!"

पारावर सगळ्यांच्या माना वळल्या.

"दोन?" शेजारचा सखानाना म्हणाला. हा सखानाना गेनूबाच्या बरोबरीचा, त्याचं घर कुंपणापलीकडे. गावाला सल्ला देणं हा त्याचा आवडता उद्योग.

"दोन!"

"दोघांत दोन का एकेकाला दोन?"

"एकेकाला!"

कोंडाजी नावाचा एक दांडगा गडी होता. भुईमूग उपटण्यात त्याचा हात कुणी धरत नसे, आणि जेवण्यातही. तो हळूच म्हणाला, "गेनूबा, सावड कधी आहे ते नीट सांग. मला आदल्या दिवसापासून उपास धरायला बरं."

झालं. गावभर बोलबाला झाला. ठकूबाईने मडक्यात कोंडा भरून त्यात अंडी साठवायला घेतली. पण गेनूबाला कुठला धीर! वाटेत जो भेटेल त्याला तो घरी आणायचा, मडक्यातून एक अंडं काढून हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घेऊन जा. वानगी म्हणून. म्हणजे कसली अंडी मिळणार ते कळेल." अशी वानगी देता देता मडक्यात राहिला नुसता कोंडा.

"राहू दे गं," गेनूबा म्हणाला. "कोंबड्या आहेत की आपल्या."

आणि त्यानंतर बघा काय झालं. एका सकाळी तो परसात गेला, तर अंगणभर पिसं. काळी, तांबडी, ठिपक्यांची कवडी, सगळ्या रंगांची.

"अगं, मुंगूस आलं! मुंगसाने घात केला!" असं ओरडत तो खुराड्याकडे धावला. कोंबड्या मोजल्या. सगळ्या जागेवर. परत मोजल्या. सगळ्याच. पण त्यांची अवस्था काय सांगावी! एकीची मान उघडी, एकीची पाठ उघडी. काळी तर अशी दिसत होती, की कुणी निम्मी सोलली आणि मग काहीतरी आठवून उठून गेला. आणि कोंबडा! त्याची ती डौलदार शेपटी पार गळून पडली होती. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि काही केल्या वळत नव्हता.

खुराड्यात अंडं एकही नाही.

"नजर लागली," गेनूबा खाली बसला. "पारावर बोललो ना, कुणाची तरी लागली."

ठकूबाई शेण गोळा करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नजर कसली आलीय? पिसं टाकतायत त्या. दरवर्षी दसरा झाला की टाकतात."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"मग मला कसं माहीत नाही?"

"तुम्ही त्यांची अंडी बघता. तोंड कधी बघितलंत?"

गेनूबाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ते असू दे. पण अंडी?"

"जुनी पिसं टाकून नवी करायची म्हणजे काम असतं. एवढंसं पोट त्यांचं. पिसं करतील का अंडी करतील? थंडी पडली की लागतील परत."

"थंडी पडली की? अगं, सावड तोंडावर आली!"

"मग ते पाराला सांगायच्या आधी मला विचारायचं," ठकूबाई म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली.

आता गेनूबा स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने कोंबड्यांना लसूण ठेचून घातला. कोंबड्यांना ढेकर आले, अंडी आली नाहीत. ओढ्यातून गुळगुळीत पांढरे दगड आणून घरट्यात ठेवले, की बघून तरी आठवेल. एक कोंबडी त्या दगडांवर बसली आणि डोळे मिटून झोपली. त्याने त्यांना समजावूनही बघितलं. खुराड्यासमोर उकिडवा बसून तो म्हणाला, "हे बघा बायांनो, माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे." काळीने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं, आणि आणखी एक पीस टाकलं.

शेवटी त्याच्या मनात आलं, यांना बसायची सवय मोडलीय, करून दाखवायला हवं. ठकूबाई ओढ्यावर धुणं घेऊन गेलेली बघून तो गुडघ्यांवर रांगत खुराड्यात शिरला, घरट्यावर बसला, हात पंखांसारखे धरले आणि हळू आवाजात "कॉक, कॉक" करायला लागला. कोंबड्या एका कोपऱ्यात जमून टकामका बघत होत्या. थोडं जमतंय असं वाटून त्याने आवाज जरा चढवला.

"गेनूबा," बाहेरून सखानानाचा आवाज आला. "किती झाली?"

गेनूबा दचकून उठायला गेला, तो डोकं छपराला आणि खांदे दाराला. तो अडकला तो अडकलाच. सखानाना ओढून थकला. शेवटी ठकूबाई धुणं घेऊन आली, तिने बघितलं, धुणं खाली ठेवलं, नवऱ्याचे दोन्ही हात धरले आणि भुईमुगाचा डहाळा उपटावा तसा त्याला बाहेर काढला. मग फक्त त्याच्या डोक्यावरचं पीस तेवढं काढून टाकलं.

सखानाना अंगणातल्या बाजेवर ऐसपैस बसला. "हे बघ, सोपं आहे. अंडी नाहीत ना? मग कोंबड्याच घाल. गेल्या साली माझ्या कोंबड्यांनी हेच सोंग काढलं होतं. मी काय केलं? माझ्या सावडीला सगळ्या कापल्या. तूही होतास की! लोक बोटं चाटत गेले का नाही?"

"गेले," गेनूबा म्हणाला. त्याने स्वतःची पाचही चाटली होती.

"मग? बसून खाणाऱ्या जिवाला पोसतो कोण? आणि शब्द दिलायस तू. दसऱ्याच्या दिवशी, पारावर. अंडी नाहीत, कोंबडी नाही, नुसतं पाणी दाखवशील तर पुढल्या साली तुझ्या रानात कावळासुद्धा उतरणार नाही. तू आणि वहिनी बसा उपटत शेंगा होळीपर्यंत."

हे मात्र गेनूबाच्या काळजाला लागलं. म्हातारा-म्हातारीच्या हाताने ते रान निघणारं नव्हतं. जमीन आवळली की शेंगा मातीतच राहतात, वर नुसता पाला येतो. सावड नाही तर वर्षाचं तेल नाही, कूट नाही, काही नाही.

पण दुसरीकडे त्या कोंबड्या. ठकूबाईच्या आईने तिला एक कोंबडी दिली होती, काखेत धरून ती सासरी घेऊन आली होती. ही सगळी तिचीच नातवंडं-पतवंडं. हे तो विसरला नव्हता.

सावडीच्या आदल्या दिवशी तो ठकूबाईसमोर येऊन उभा राहिला. सांगायचं होतं एक, बोलला भलतंच. म्हणाला, "सुरीला धार आहे का गं?"

ठकूबाई निवडत होती ते धान्य तिने बाजूला ठेवलं.

"तुमच्या हाताने कापा," ती म्हणाली. "मला सांगू नका. मी पाणी उकळून देते." मग म्हणाली, "पाणीही फार लागायचं नाही. निम्मं सोलायचं काम त्यांनीच करून ठेवलंय."

गेनूबाला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

दुपार कलली होती. तो सुरी कमरेला खोचून, डालगं काखेत मारून परसात गेला. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी पाटी. कोंबड्या कुठे असाव्यात? त्या मोकळ्या टाकलेल्या वाफ्यात. उन्हाने तापलेल्या मऊ मातीत प्रत्येकीने आपापला खड्डा केला होता आणि पंख पसरून, डोळे मिटून पडल्या होत्या. एरवी त्याला बघून पळायच्या, आज एकीनेही हालचाल केली नाही. त्याने वाकून काळीला उचललं. ती त्याच्या हातात तशीच मऊ पडून राहिली आणि तिने मान त्याच्या मनगटावर टाकली.

कुंपणापलीकडून गवताचा भारा डोक्यावर घेतलेला सखानाना चालला होता. सल्ला दिल्याशिवाय पुढे जाईल तर तो सखानाना कसला!

"काय रे गेनूबा, हा वाफा मोकळाच? एवढी जागा वाया घालवलीस. बसून काय करतोय तो?"

"दमलाय तो," गेनूबा सवयीने बोलून गेला. "पावसाळाभर भोपळे दिलेत त्याने, एकेक असा की उचलायला दोघं लागत होते. आता काही मागायचं नाही त्याच्याकडे. वरून निवांत दिसतो, पण आतून तयार होत असतो. थंडीत बघ, लसूण कसा..."

आणि तो बोलता बोलता थांबला.

त्याने हातातल्या काळीकडे बघितलं. तिच्या उघड्या मानेवर त्याचा अंगठा टेकला होता, आणि अंगठ्याला काहीतरी टोचत होतं. त्याने जवळ नेऊन बघितलं. कातडीतून बारीक बारीक टोकं वर आली होती. ओळीने. लसणाचे कोंब मातीतून डोकावतात ना, अगदी तशी.

"कसा काय?" सखानाना विचारत होता. "लसूण कसा? अरे, बोल की! भारा जड आहे माझ्या डोक्यावर!"

गेनूबाने काळीला तिच्या खड्ड्यात हळूच परत ठेवलं. वर थोडी माती टाकली. ती पुन्हा डोळे मिटून पडली.

घरात येऊन त्याने सुरी कोनाड्यात ठेवली. चुलीवर पाण्याचं मोठं भांडं रटरटत होतं.

"हे पाणी अंघोळीला होईल का गं?" त्याने विचारलं.

ठकूबाईने त्याच्याकडे बघितलं. "होईल की," ती म्हणाली. "खुराड्यात बसल्यापासून वास येतोच आहे तुम्हाला." आणि पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर झाला होता म्हणे.

"पण उद्या काय घालायचं लोकांना?"

"शब्द कुणी दिला?"

"मी."

"मग लोकांना तोंड द्यायचं काम तुमचं. ताटाचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी उजाडायला सगळी मंडळी रानात हजर. कोंडाजीचे गाल उपासाने खरंच आत गेले होते. सखानाना पुढे उभा राहिला होता, गंमत बघायला. लोक कामाला वाकणार, तेवढ्यात गेनूबा बांधावर चढला. काम करून घेऊन मग सांगितलं असतं तरी चाललं असतं, लोक काही उपटलेला भुईमूग परत लावणार नव्हते. हा विचार त्याच्याही मनात आला होता. पण तो म्हणाला,

"मंडळी, आधी ऐका. ताटात अंडी नाहीत. कोंबड्यांनी पिसं टाकलीत, अंडी बंद आहेत. कापायला गेलो होतो, हात चालला नाही. मी पारावर उगाच फुशारकी मारली. ज्याला परत जायचं असेल त्याने जावं, माझा राग नाही."

मग कोंडाजी बांधावर मटकन खाली बसला. "मी काल दुपारपासून जेवलेलो नाही हो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

एक म्हातारी हसायला लागली. मग दुसरी. कुणीतरी म्हणालं, "पण गेनूबा, तुम्ही स्वतः बसून दाखवलंत म्हणे?" सखानाना आभाळाकडे बघायला लागला. हे गावात कुणी सांगितलं ते वेगळं विचारायची गरज नव्हती.

"बसलो होतो," गेनूबा म्हणाला. "मलाही झालं नाही एकही."

आता मात्र सगळं रान खदखदून हसलं. "दाखवा तरी त्या तुमच्या कोंबड्या!" म्हणून सगळे परसात गेले. कोंबड्या अर्ध्या कपड्यांत वाफ्यात पडल्या होत्या. लोक पोट धरून हसले. आणि कोंबडा, बिचारा, एवढी माणसं बघून लाजला. गवताच्या गंजीमागे गेला आणि तिथून, तोंड न दाखवता आरवला. त्यावर कोंडाजी असा हसला की उपास विसरला. "चला रे," तो म्हणाला, "आधी काम उरकू. हसून हसून आणखी भूक लागायच्या आत."

परत कुणी गेलं नाही. दिवसभर रानात कोंबड्यांच्याच गोष्टी चालल्या होत्या आणि हात आपोआप चालत होते. दुपारी ताटं मांडली. भाकरी, भोपळ्याची झणझणीत भाजी, ओल्या शेंगांची आमटी, ठेचा. आणि वर ठकूबाई स्वतः प्रत्येकाच्या ताटात भोपळ्याचे गरम घारगे घालत निघाली, गुळाचे, टम्म फुगलेले. एकेकाला दोन.

"दोन-दोन म्हणाले होते ना आमचे हे?" ती म्हणाली. "घ्या. दोन-दोनच वाढतेय."

कोंडाजीने मात्र दोनावर भागवलं नाही. त्याने किती खाल्ले हे मोजायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

पुढे थंडी पडली. कोंबड्यांच्या अंगावर नवी पिसं आली, अशी चकचकीत की ऊन पडलं की डोळे दिपावेत. कोंबडा शेपटी मिरवत कौलावर चढला आणि आख्ख्या गावाकडे पाठ करून आरवायला लागला. आणि काळीने पहिलं अंडं दिलं, ते थेट घरट्यात, त्या ओढ्यातून आणलेल्या दगडाशेजारी. गेनूबा गहिवरला.

अंडी साठली तसा तो पाटी घेऊन निघाला. सावडीला आलेल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन दोन अंडी हातावर ठेवायची आणि म्हणायचं, "उशीर झाला. पण तुमची होती."

शेवटी सखानानाचं घर आलं. खुराड्याचं दार उघडं, आत सरपण भरलेलं. सखानाना घोंगडी पांघरून बसला होता. आतून त्याच्या बायकोचा खोकला ऐकू येत होता.

"गावात कुणाकडे अंडं मिळतं का रे?" तो खाली बघत म्हणाला. "वैद्याने सांगितलंय तिला."

गेनूबाने पाटीच पुढे केली. सखानानाने दोन अंडी उचलली, मग थांबून गेनूबाकडे बघितलं.

"घे की आणखी. आणि आमची कवडी कोंबडी खुडूक बसलीय. पोटाखाली अंडी घालून देतो, घेऊन जा. पिल्लं तुझी."

सल्ला देणाऱ्या सखानानाने दोन्ही अंडी घोंगडीत जपून धरली. मग म्हणाला, "लसणाचं सांगत होतास त्या दिवशी. राहिलंच ते."

"सांगतो सावकाश," गेनूबा म्हणाला. आणि खरंच त्याच्याजवळ बसला. "फक्त एक कर. दसरा झाला की तुझी सुरी माझ्या कोनाड्यात आणून ठेवत जा."

पुढल्या वर्षी दसरा झाला, अंगणात पहिलं पीस पडलं. गेनूबाने ते उचलून कानामागे खोचलं. घरात आला, तर चूल थंड. ठकूबाई उंबऱ्यावर पाय पसरून, भिंतीला टेकून, उन्हात डोळे मिटून बसली होती.

"अगं, बरं नाही का?"

"बरी आहे की."

"मग भाकरी?"

ठकूबाईने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं. अगदी काळीसारखं.

"पिसं टाकतेय," ती म्हणाली.

गेनूबा काही बोलायला गेला. मग त्याला वाफा आठवला, काळीची मान आठवली, आणि इतक्या वर्षांत त्या चुलीपुढून कधी न उठलेली ठकूबाई आठवली. तो आत गेला, चूल पेटवली आणि पिठात हात घातला. त्या दिवशीची भाकरी एवढी कडक झाली की कोंबड्याने तिच्यावर एकदा चोच मारली आणि दोन पावलं मागे सरून तिच्याकडे आदराने बघितलं.

ठकूबाईने मात्र ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. सावकाश.

तात्पर्य: देत्या जिवाने जरा थांबून घेतलं, तर तो आटला असं समजू नका. त्याला ऊन खाऊ द्या. आत नवी पिसं फुटत असतात.